तुम्ही विचारलंत म्हणून: पायलटची टंचाई आहे, मग नोकरी पक्की ना?

हा प्रश्न मला आईवडील विचारतात, बारावीची मुलं विचारतात, आणि हल्ली चांगली चाललेली नोकरी सोडू पाहणारे तिशीतले इंजिनिअरही विचारतात. "जगभर पायलट मिळत नाहीत म्हणतात, म्हणजे लायसन्स हातात पडलं की काम झालंच ना?" फोनवर मी तुकड्यातुकड्यानं उत्तर देतो. इथे सलग लिहितो.

टंचाई खरी आहे. पण कोणाची, हे बातमीत येत नाही. विमान कंपन्यांना कमी पडतात ते कॅप्टन, आणि कॅप्टन घडवणारे प्रशिक्षक. लॉगबुकात उड्डाणाचे जेमतेम दोनशे तास असलेल्या नव्या उमेदवारांची मात्र रांग लागलेली असते. 2023 च्या सुमारास अमेरिकेतल्या छोट्या, रिजनल कंपन्यांत हे उघड दिसलं. मोठ्या कंपन्यांनी त्यांचे अनुभवी कॅप्टन उचलून नेले. उरलेल्या को-पायलटांना बढती द्यायची, तर तिथल्या नियमानुसार विमान कंपनीच्या उड्डाणांचे हजार तास गाठीशी हवेत. शेजारी बसायला कॅप्टनच नाही, तर ते तास भरणार कुठून? म्हणजे एकीकडे विमानं उभी, दुसरीकडे को-पायलटही रिकामे, आणि मथळा मात्र 'पायलट मिळेनात' असाच.

दुसरं म्हणजे या धंद्याचं चक्र. सीपीएल, म्हणजे कमर्शियल लायसन्स, मिळेपर्यंत सहज दीड-दोन वर्षं जातात. प्रवेश घेताना दिसलेली भरती बाहेर पडताना असेलच असं नाही. 2020 मध्ये कोविडनं विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा अनेक कंपन्यांनी ज्येष्ठ पायलटांना मुदतीआधी निवृत्त केलं. 2022 मध्ये प्रवासी परतले आणि तीच माणसं कमी पडू लागली. दणक्यात भरती झाली. 2024 उजाडेपर्यंत अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीनं नवी भरती थांबवली, कारण बोइंगकडून विमानंच वेळेवर येईनात. त्याच वर्षी तिथल्याच स्पिरिट कंपनीनं काही पायलटांना बिनपगारी घरी बसवलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषामुळे त्यांची बरीच एअरबस विमानं उभी होती, हे त्यामागचं एक कारण. यात पायलटांचं काय चुकलं? काहीच नाही. पुढच्या वीस वर्षांत सहा लाखांहून अधिक नवे पायलट लागतील असा अंदाज बोइंग देते. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण तो विमानं विकणाऱ्याचा अंदाज आहे, आणि वीस वर्षांच्या सरासरीवर या वर्षीचा कर्जाचा हप्ता फिटत नाही.

मग लायसन्सनंतर करायचं काय? ते बऱ्याच अंशी तुम्ही कुठल्या देशात उडवणार यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार सीपीएलसाठी साधारण 200 तास पुरतात, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम केला तर 150. भारतात, युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत एवढ्या तासांवर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, मिळवून थेट जेट विमानात को-पायलट होता येतं. अमेरिकेत 2013 पासून को-पायलटलाही साधारणपणे 1,500 तास लागतात. सैन्यातून किंवा ठरावीक पदवी घेऊन आलेल्यांना थोडी सूट आहे. हा नियम फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ झालेल्या कोलगन एअरच्या अपघातानंतर आला. गंमत अशी की त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास 1,500 च्या वरच होते.

पण तास भरायचेच असतील, तर मी सगळ्यांना आधी प्रशिक्षकाचं काम सुचवतो. मी ते केलं आहे आणि त्याची बरोबरी दुसऱ्या कशाला नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही उजव्या सीटवर असता, डावीकडे विद्यार्थी. धावपट्टी जवळ आली की त्याची नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळते. खरं तर ती धावपट्टीच्या पार टोकाकडे हवी, नाहीतर जमीन किती खाली आहे ते कळतच नाही. तो नाक उचलायला उशीर करणार, किंवा घाबरून एकदम ओढणार आणि विमान टेकण्याऐवजी पुन्हा वर जाणार. तुमचा हात मांडीवर, कंट्रोलपासून वीतभर अंतरावर. "आय हॅव कंट्रोल" लवकर म्हणालात तर तो काही शिकला नाही. उशिरा म्हणालात तर पुढचं चाक आपटलं. हा निर्णय दिवसभर, प्रत्येक सर्किटला, म्हणजे उडून पुन्हा उतरण्याच्या प्रत्येक फेरीला, घ्यायचा. पुढे कॅप्टन झाल्यावर नवख्या को-पायलटशेजारी बसून दुसरं काय करायचं असतं?

दुसरा रस्ता छोट्या टर्बोप्रॉपचा, म्हणजे पंख्याच्या विमानांचा. सेस्ना कॅरॅव्हॅनसारख्या एका इंजिनाच्या विमानातून पार्सलं नाहीतर चार-आठ प्रवासी आखूड धावपट्ट्यांवर पोचवायचे. तिथे इंधन किती घ्यायचं, ढग किती खाली आहेत, आज जायचं की नाही, हे तुम्हीच ठरवता, आणि समोर घाईतला मालक उभा असतो. 'आज नाही' म्हणायची सवय इथे लागली तर लागली. पॅराशूटवाल्यांना वर नेणं, हवाई सर्वेक्षण, ग्लायडर ओढणं, ही कामंही तासांसाठी ठीक. शेतांवर फवारणी हे मात्र वेगळंच शास्त्र आहे. तास भरायला म्हणून तिकडे जाऊ नका. चार्टर आणि बिझनेस जेटमध्ये ओळखीवर बरंच चालतं, वेळापत्रक नावाची गोष्ट नसते, पण मंदीत कधीकधी तिथेच काम मिळतं.

कंपन्यांच्या कॅडेट योजना, म्हणजे कंपनीनंच आखलेलं प्रशिक्षण, आकर्षक आहेत, कारण फ्लाइंग स्कूलपासून कॉकपिटपर्यंतचा रस्ता आखलेला असतो. करार मात्र वकिलाला दाखवा. तीन ठिकाणी बोट ठेवा: बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याची अट, किती वर्षांचा, भरती लांबली तर खर्च कोणाच्या गळ्यात, आणि 'नोकरी देऊ' असं लिहिलंय की 'प्राधान्य देऊ'. कोणाची ऑफर नसताना स्वतःच्या खिशातून एअरबस 320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग करून ठेवणं मला पटत नाही. रेटिंगनंतर प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणं झाली नाहीत, तर ते थंड पडतं, नूतनीकरणाला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे, आणि वर्षभरानं तुम्ही होता तिथेच.

तिशीतल्यांसाठी वेगळं सांगतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत सिनिऑरिटी नंबर चालतो. मार्ग, सुट्टी, बेस, कॅप्टनची सीट, सगळं रुजू झाल्याच्या तारखेवर. कपात उलट्या क्रमानं, म्हणजे शेवटी आलेला आधी बाहेर. कंपनी बदललीत तर तुमच्याकडे हजारो तास असले तरी नंबर पुन्हा तळाचा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांची वयोमर्यादा 65. पस्तिसाव्या वर्षी रुजू झालात तर तीस वर्षं मिळतात. ती कमी नाहीत, पण पहिली काही रिझर्व्हवर, म्हणजे ऐनवेळी बोलावणं येईल म्हणून फोनकडे बघत जातील, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा.

आणि हे सगळं नंतर. फ्लाइंग स्कूलला एक पैसाही भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटांची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. डोळे, कान, ईसीजी, रक्त, सगळं तपासतात. रंग ओळखण्यातला दोष तर अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतो, आणि कधीकधी पुढच्या चाचण्यांतून मार्गही निघतो. हातात कागद आला की मला फोन करा. कुठल्या शाळेत किती विमानं खरोखर उडतात आणि किती हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघत उभी आहेत, ते कसं शोधायचं तेव्हा बोलू.