सिरोंचा: तीन बाजूंनी नद्या अन् मधे निवांत रस्ता

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याला लोक जातात ते गोदावरीवरचा पूल ओलांडून पलीकडं तेलंगणात कालेश्वराचं दर्शन घ्यायला, एकाच पिंडीवर दोन लिंगं बघितली की गाडी परत. पण खरा निवांतपणा त्याच्या उलट्या दिशेला आहे, असरअल्ली गावाच्या बाजूला. पश्चिमेला प्राणहिता, खाली गोदावरी, पूर्वेला इंद्रावती, म्हणजे हा तालुका जवळजवळ बेटच.

मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चंद्रपूरहून आष्टी, आलापल्ली करत एकटाच निघालो. आलापल्लीपासून सिरोंचा शंभरेक किलोमीटर, सगळं सागवानाचं जंगल, अन् रस्ता मधेमधे इतका उखडलेला की दोनदा गाडी खालून घासली, त्यामुळं या पट्ट्याला चार तास धरूनच निघा. पेट्रोल आलापल्लीतच फुल करा. रेपनपल्लीवरून आत कमलापूरचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकमेव सरकारी, पण जानेवारीत हत्तींची चोपिंग असते, म्हणजे पायांना जडीबुटीचा गरम लेप लावतात अन् त्यांना कामातून सुट्टी देतात, तेव्हा कॅम्प बंद राहतो. आधी चौकशी करा.

सिरोंच्यात दोन रात्री राहाच, एका रात्रीत काही होत नाही. बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी असरअल्लीकडं निघालो तर रस्त्याच्या कडेला नुसती लाल मिरची वाळत घातलेली, काच खाली केली की ठसका. एका बाई पायानं मिरची पसरत होत्या, फोटो काढू का विचारलं तर म्हणाल्या, "काढा ना भाऊ, पण मिरचीवर पाय नका देऊ." मग त्यांनीच माठातलं पाणी दिलं.

सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते. समोर एकीकडं छत्तीसगड, दुसरीकडं तेलंगणा. मी वाळूत दीड तास बसलो, एक डोंगा गेला तेवढाच आवाज. पाण्यात उतरू नका, वरून शांत दिसतं पण वाळू पायाखालून सरकते. गाडीही वाळूत घालू नका, वर कडक जमिनीवरच ठेवा.

आधार कार्ड जवळ असू द्या, चौकशी होते. मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. अंधाराआधी सिरोंच्यात परत या. पावसाळ्यात तर नकोच, नाल्यांना पूर आला की रस्ते बंद पडतात. सिरोंच्याजवळ वडधमला दगड झालेली झाडांची खोडं आहेत, माझी बघायची राहिली, तुम्ही तिसरा दिवस ठेवा.