सोलर पॅनेलवर पाणी तापवताना मॉसफेट का जळतो

पॅनेलच्या वायरी सरळ हीटरला जोडल्या तरी पाणी तापतं, पण भर दुपारीच. ३३५ वॅटचे दोन पॅनेल सिरीजमध्ये साधारण ७६ व्होल्ट, ८.८ अँपिअर देतात. २ किलोवॅटची गीझर कॉइल २६.५ ओहमची, अशा तीन पॅरलल केल्या की ८.८ ओहम, म्हणजे जोडी जमली. पण ऊन निम्मं झालं की करंट ४.४ वर येतो, व्होल्टेज ३९ पर्यंत पडतं आणि तीनशेच्या वर मिळू शकत असताना पदरात १७० वॅट. म्हणून व्होल्टेज पडू न देण्यासाठी मध्ये कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा) आणि मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लागतो. कॅपॅसिटर ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत भरला की मॉसफेट चालू, दोन व्होल्ट उतरलं की बंद, सेकंदाला दोन-तीनशे वेळा.

हे व्होल्टेज लेबल पाहून ठरवू नका. लेबलवरचे ७६ व्होल्ट पॅनेल २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात चंद्रपूरकडे हवाच ४५ अंश, पॅनेल ७० ला टेकतं, आणि जास्तीत जास्त पॉवर ६२ व्होल्टला मिळते. हिवाळ्यातल्या दुपारी ७० ठेवा. उन्हाळ्यात आंघोळीला ऊन पाणी नको, पण दुधाचे कॅन धुवायला लागतंच. ६२ व्होल्टवर तीन कॉइल ७ अँपिअरच ओढतात, म्हणून चार लावा.

व्होल्टेज ओळखायला एलएम ३९३ ही दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप घ्या, तिला टीएल ४३१ या स्थिर व्होल्टेज देणाऱ्या चिपचा २.५ व्होल्टचा संदर्भ द्या. पॅनेलकडून १०० के (किलो-ओहम) रेझिस्टर, खाली ३.३ के आणि २ केचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घेतला की ५० ते ७८ व्होल्ट सेट करता येतात. कॅपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, २०० व्होल्ट, १०५ अंशांचे दहा घ्या. एकच मोठा घेतला तर रिपल करंटने (सतत आत-बाहेर होणाऱ्या करंटने) फुगतो. थंडीत सकाळी ओपन व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ९६ पर्यंत जातं, त्यामुळे १०० व्होल्टचा आयआरएफ ५४० मॉसफेट नको. आयआरएफपी २६० घ्या, हीटसिंकसकट.

तरीही तो जळतो, कारण बरेच जण ३९३ चं आउटपुट १० केच्या पुलअपवर (प्लसकडे ओढणाऱ्या रेझिस्टरवर) थेट गेटला, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायाला, देतात. गेट भरायला दीड-दोनशे मायक्रोसेकंद लागतात आणि अर्धवट उघडलेल्या मॉसफेटमध्ये दर वेळी १८० वॅटपर्यंत उष्णता होते. मध्ये टीसी ४४२० ड्रायव्हर (गेट झटकन भरणारी चिप), १० ओहमचा गेट रेझिस्टर, गेट आणि सोर्स या पायांमध्ये १० के लावा. वायर लांब असेल तर कॉइलला उलटा फास्ट डायोड. ड्रायव्हरला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. १० च्या खाली जाऊ देऊ नका.

गीझरचा थर्मोस्टॅट कॉइलच्या लाइनमध्ये कधीही टाकू नका. पॅनेलच्या डीसीचा आर्क (ठिणगीचा झोत) विझत नाही, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. तो ड्रायव्हरच्या इनपुटवर लावा. मॉसफेट बिघडला की बहुधा शॉर्टच होतो आणि मग थर्मोस्टॅटचं काही चालत नाही, म्हणून पाण्याचा ड्रम बंद नको: वर उघडा पाइप, ड्रमला अर्थिंग, आणि पॅनेलजवळ डीसी एमसीबी. ६० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २.८ युनिट लागतात. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी पॅनेलची ही जोडी तेवढं देते, तेवढ्या पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) चुलीतून वाचतात.