पीअरट्यूबवर व्हिडिओ हलवले, पण ट्रान्सकोडिंगने जीव खाल्ला - माझा अनुभव

आमच्या फ्री सॉफ्टवेअर ग्रुपचे सगळे जुने व्हिडिओ, म्हणजे भाषणं, वर्कशॉप, इन्स्टॉलेशनचे डेमो वगैरे, यूट्यूबवरून हलवून आता आमच्या स्वतःच्या पीअरट्यूबवर (आपल्या सर्व्हरवर चालवता येणारं यूट्यूबसारखं मुक्त सॉफ्टवेअर) आहेत आणि मला त्याचा खरंच खूप आनंद आहे. पण मधला ट्रान्सकोडिंगचा, म्हणजे व्हिडिओ वेगवेगळ्या आकारांत आणि फॉरमॅटमध्ये बदलण्याचा टप्पा आठवला की अजूनही डोकं तापतं, म्हणून हे लिहितेय.

हलवायचं की नाही यावर फार वाद झालाच नाही. मुक्त सॉफ्टवेअर वापरा असं सांगायचं आणि ते ऐकायला आलेल्या माणसाला जाहिराती नि ट्रॅकिंग सोसायला लावायचं, हे सगळ्यांनाच खटकत होतं. शिवाय २०१८ मध्ये ब्लेंडर या मुक्त थ्रीडी सॉफ्टवेअरच्या चॅनलवरचे व्हिडिओ यूट्यूबवर अचानक जगभर ब्लॉक झाले होते आणि त्याच सुमारास त्यांनी स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर सुरू केला, ते बऱ्याच जणांच्या लक्षात होतं. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टची ही गत, तर आपल्याला कोण विचारतंय. पीअरट्यूब फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेचं, लायसन्स एजीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचंच एक), आणि ॲक्टिव्हिटीपबवर (वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडणारा प्रोटोकॉल) चालत असल्यामुळे मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवरूनही आमचं चॅनल फॉलो करता येतं, तिथे दिलेलं उत्तर इथे व्हिडिओखाली कमेंट म्हणून दिसतं. दुसऱ्या कुणाच्या इन्स्टन्सवर (म्हणजे पीअरट्यूब सर्व्हरवर) खातं उघडता आलं असतं, पण तिथे जागेचा कोटा असतो आणि आमची भाषणं तासातासाची, म्हणून सर्व्हर भाड्याने घेतला. इन्स्टॉलेशन डॉक्युमेंटेशन वाचून नीट झालं.

आणि मग अडकलो. तुम्ही टाकलेली फाइल पीअरट्यूब एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमकडे देतं आणि प्रत्येक रिझोल्युशनची वेगळी प्रत बनवून घेतं, १०८०पी, ७२०पी, ४८०पी, जेवढी तुम्ही चालू ठेवाल तेवढी. हे सगळं काम सीपीयूचं. एखादा व्हिडिओ असेल तर कळतही नाही, पण वर्षानुवर्षांचा साठा एकदम टाकला की जॉबची रांग हलेचना, सकाळी बघावं तर जो व्हिडिओ रात्री चालू होता तोच अजून चालू. ग्रुपमधले लोक रोज विचारतायत लिंक कधी मिळणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही. एका वेळी चालणारे जॉब आणि प्रत्येक जॉबचे थ्रेड वाढवायची सेटिंग ॲडमिनमध्ये आहे, ती वाढवली, तर वेबसाइटच इतकी संथ झाली की लॉगिन पेज उघडेना.

त्यात होस्टिंग कंपनीची मेल आली की तुमचा सर्व्हर सतत पूर्ण सीपीयू वापरतोय, हे आमच्या धोरणात बसत नाही, आणि त्यांनी सीपीयूचा वेग सरळ कमी करून टाकला! प्लॅन विकताना कोअर किती ते ठळक अक्षरात, पण ते दुसऱ्या गिऱ्हाइकांबरोबर वाटून घ्यायचे असतात हे कुठेतरी खाली. सपोर्टला तिकीट टाकलं, की वेग कमी करायची मर्यादा नेमकी किती, निदान आकडा तरी सांगा. उत्तर काय, तर मोठा प्लॅन घ्या. परत विचारलं, परत तेच छापील उत्तर, खाली नाव तेवढं वेगळं. आकडा शेवटपर्यंत सांगितला नाही. स्वयंसेवकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या ग्रुपने एकदाच करायच्या कामासाठी कायमचा महाग प्लॅन का घ्यावा, याचा राग मला अजून आहे. म्हणून सर्व्हर घेण्याआधीच विचारा की सीपीयू शेअर्ड आहे की डेडिकेटेड, आणि उत्तर लेखी घ्या.

सुटका झाली ती रिमोट रनरमुळे. पीअरट्यूब ५.२ पासून (२०२३) ही सोय आहे. पीअरट्यूब-रनर नावाचा छोटा प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा, सर्व्हरच्या ॲडमिनमधून टोकन घेऊन त्याची नोंदणी करायची, की तो सर्व्हरकडून जॉब मागून घेतो, ट्रान्सकोड करतो आणि तयार फाइल परत पाठवतो. तो स्वतःच सर्व्हरकडे जातो त्यामुळे घरच्या राउटरमध्ये पोर्टबिर्ट उघडायची भानगड नाही. ग्रुपमधल्या काही जणांनी आपापल्या मशीनवर रनर लावले आणि रांग डोळ्यांदेखत उतरायला लागली. आपल्याच माणसांच्या मशीनवर आपलेच व्हिडिओ तयार होतायत, हे बघून जो अभिमान वाटला तो वेगळाच. फक्त हे लक्षात ठेवा, रिमोट रनर चालू केले की सर्व्हर स्वतः ट्रान्सकोडिंग करत नाही, सगळे रनर बंद असतील तर जॉब नुसते पडून राहतात.

दुसरी गोष्ट डाउनलोडच्या वेळची. यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवणाऱ्या वायटी-डीएलपी या प्रोग्रॅमने नुसतं सगळ्यात चांगलं फॉरमॅट मागितलं की बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती, म्हणजे कोडेक) मिळतं, आणि मग पीअरट्यूबला ते सगळं एच.२६४ मध्ये बदलावं लागतं. मुळातच एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ मागून घेतला आणि बिटरेट मर्यादेत असला, तर वरचं रिझोल्युशन परत एन्कोड करावं लागत नाही, खूप वेळ वाचतो. ओरिजिनल रेकॉर्डिंग कुणाच्या हार्ड डिस्कवर असेल तर अर्थात तेच वापरा. सबटायटल्स वेगळी उतरवा, एसआरटी आणि व्हीटीटी दोन्ही चालतात.

जागेचंही सांगते. वेब व्हिडिओ (सलग एक फाइल) आणि एचएलएस (तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत) असे दोन्ही प्रकार चालू ठेवले तर डिस्क जवळपास दुप्पट लागते, आम्ही फक्त एचएलएस ठेवलं. २४०पी बंद केलं कारण स्लाइडवरचा कोड त्यात वाचताच येत नाही, त्याऐवजी फक्त ऑडिओचा पर्याय चालू केला, नेट कमजोर असेल तर भाषण निदान ऐकता येतं.

पीअर-टू-पीअरमुळे, म्हणजे बघणारेच एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पाठवतात त्यामुळे, सर्व्हरचा भार हलका होईल असं बरेच जण धरून चालतात, पण तो फायदा एकाच वेळी बरेच लोक तोच व्हिडिओ बघत असतील तेव्हाच. जुनं भाषण एखादाच माणूस बघत असतो, तेव्हा सगळा भार सर्व्हरवरच. आणि बघणाऱ्यांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसू शकतात, हे लोकांना आधी सांगा, ज्याला नको त्याला ते बंद करता येतं.

डोमेनचं नाव मात्र पहिल्याच दिवशी पक्कं करा, फेडरेशन (दुसऱ्या सर्व्हरशी जोडणी) सुरू झाल्यावर ते बदलणं फार त्रासाचं. व्हिडिओ टाकताना खासगी ठेवा आणि थोडे थोडे पब्लिक करा, नाहीतर फॉलोअर्सच्या टाइमलाइनवर एकदम पूर येतो. मूळ प्रकाशनाची तारीख भरायला वेगळा रकाना आहे, तो भराच, नाहीतर जुन्या व्हर्जनचा डेमो आजचा समजून लोक गोंधळतात.

जुन्या यूट्यूब चॅनलवरच्या कमेंट आणि व्ह्यूज बरोबर येत नाहीत. तिथले व्हिडिओ आम्ही अजून काढलेले नाहीत, प्रत्येकाच्या वर्णनात पहिल्या ओळीत नवीन लिंक टाकली आहे. आता ओळखीच्या एका इन्स्टन्सशी रिडंडन्सीचं बोलणं चालू आहे, म्हणजे आमच्या व्हिडिओंची प्रत त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे.