आगंतुक 13

सदाशिव पेठेतील एका छोट्या खासगी संग्रहाच्या संगणकांची देखभाल मी करतो. तेथे जुन्या मराठी मासिकांची पाने स्कॅन करून पीएनजी या चित्रांच्या फाइल-स्वरूपात ठेवली होती. सुमारे 6,000 फायली, प्रत्येकी साधारण 30 एमबीच्या. जुन्या लिनक्स संगणकावरून त्या नव्या विंडोज संगणकावर आणण्याचे काम माझ्या तरुण सहकाऱ्याने एफटीपी या फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने केले. नेटवर्क 100 मेगाबिटचे असल्यामुळे सेकंदाला 11 एमबीच्या वर वेग मिळेना आणि त्यात पाचएक तास गेले. फायलींची संख्या जुळली की पुढे जावे, असे मीच त्याला सांगून ठेवले असल्यामुळे त्याने त्याच संध्याकाळी जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहाच्या कार्यवाह बाईंचा फोन आला. "अहो, एकही पान उघडत नाही." मूळ अंक तोवर मालकांकडे परत गेले होते.

मी पोचलो तेव्हा सहकाऱ्याचा चेहरा उतरलेला होता. "सर, संख्या तर बरोबर होती," एवढेच तो म्हणत राहिला. स्कॅन करताना ठेवलेल्या नोंदवहीशी आकार ताडून पाहिले, तर जवळजवळ प्रत्येक फाइल किंचित मोठी झालेली होती. तीन कोटी बाइटांच्या (बाइट म्हणजे 0 ते 255 पैकी एक संख्या) फायलीत एक लाख सतरा हजारांच्या आसपास भर, म्हणजे 256 बाइटांमागे एक. ही वाढ पाहून मला हायसे वाटले, हे त्या वेळी खोलीतल्या कोणालाही पटले नसते.

प्रत्येक पीएनजी फायलीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात: 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10. आमच्या फायलींत 71 नंतर 13, 13, 10, 26, 13, 10 असा क्रम दिसला. प्रत्येक 10 च्या आधी एक आगंतुक 13 येऊन बसला होता. टंकलेखनाच्या वर्गात गेलेल्यांना हे लगेच कळेल: 13 म्हणजे गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणणे आणि 10 म्हणजे कागद एक ओळ वर सरकवणे. लिनक्स ओळ संपवायला फक्त 10 वापरते, तर विंडोज दोन्ही. विंडोजमधील जुना एफटीपी आदेश आपण 'बायनरी' असे सांगेपर्यंत प्रत्येक फाइल मजकूर समजूनच आणतो, आणि सहकाऱ्याच्या आदेशांत नेमकी तीच ओळ राहिली होती. (एफटीपीचा पहिला आराखडा अभय भूषण या आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या अभियंत्याने एप्रिल 1971 मध्ये लिहिला. निरनिराळ्या यंत्रांच्या निरनिराळ्या लिप्या तेव्हा खरोखरच आड येत असत, त्यामुळे या सोयीला मी नावे ठेवणार नाही.)

पीएनजी रचणाऱ्यांनी 13 आणि 10 ही जोडी आणि शेवटचा सुटा 10 सुरुवातीलाच घातले ते असली मोडतोड ताबडतोब उघडी पडावी म्हणून. आम्हाला मात्र त्यातून उपायही मिळाला. जेथे मुळात 13 होता तेथेही आणखी एक 13 आलेला असल्यामुळे सर्व्हरने, म्हणजे फायली पाठवणाऱ्या जुन्या संगणकाने, काहीही न तपासता प्रत्येक 10 मागे एक 13 घातला होता, हे सिद्ध झाले. म्हणजे प्रत्येक 10 च्या आधीचा एकच 13 काढला की मूळ फाइल जशीच्या तशी हाती येणार. फायली विंडोजकडून लिनक्सकडे गेल्या असत्या, तर मुळातले 13 गळून पडले असते आणि ते कोठे होते हे कोणालाही सांगता आले नसते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत जेमतेम दहा ओळी लिहिल्या आणि बिघडलेल्या फायलींना हात न लावता दुरुस्त प्रती वेगळ्या डिस्कवर काढल्या. पीएनजीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची सीआरसी ही पडताळणीची बेरीज जोडलेली असल्यामुळे दुरुस्ती खरी की खोटी, हे यंत्रच सांगत होते. रात्री साडेनऊपर्यंत एक फाइल वगळता सगळ्या पडताळून झाल्या. आदल्या दिवशी मध्येच वीज गेली तेव्हा ती अर्धवट उतरली होती आणि संख्येत मात्र धरली गेली होती. शनिवारी सहकारी कसबा पेठेत अंकांच्या मालकांकडे गेला आणि त्या एका पानासाठी तो अंक पुन्हा मागून आणला.