तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूबलाइटची ट्यूब बसली, पेटली, मग पट्टीतला चोक कशाला बघता?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना उत्तर नको असतं, बिल कमी हवं असतं. तरी एकदा सांगतोच.

पेटलेल्या ट्यूबला स्वतःला आवरता येत नाही. प्रवाह वाढला की तिचा विरोध घटतो, मग प्रवाह आणखी वाढतो. लगाम असतो चोकच्या हातात. ट्यूब होल्डरमध्ये बसली, यावरून होल्डर बरोबर आहे एवढंच कळतं.

एका अभ्यासिकेत ५४ वॅटच्या टी-फाइव्ह, म्हणजे बोटभर जाडीच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. वीज वाचेल म्हणून कुणीतरी २८ वॅटच्या ट्यूबा आणून बसवल्या. बसणारच! दोन्हींची लांबी ११४९ मिलिमीटर, जाडी १६, पिनाही त्याच. पण २८ वॅटची ट्यूब जेमतेम ०.१७ अँपिअरची आणि चोक ०.४६च्या आसपास ढकलणारा. म्हणजे वीजही वाचत नव्हती, चोक ट्यूबवरचा आकडा वाचत नाही. उजेड मात्र असा लख्ख पडला की सगळे खूश. मी म्हटलं, काढा. "जुन्या माणसांना सगळ्यातच खोट दिसते," असं हसण्यावारी गेलं.

पुढे टोकं काळी पडली म्हणून मलाच बोलावलं. ट्यूब फिरवली तर होल्डरचा पिवळा पडलेला तुकडा तिच्याबरोबर हातात आला. तापून तापून प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालं होतं. खाली उभे होते त्यांचा पहिला प्रश्न, "तुम्हाला माहीत होतं, मग लावू कशाला दिल्यात?" त्यावर मी काही बोललो नाही. आजही काय बोलायला हवं होतं ते सुचत नाही.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो. "शंका आली की ट्यूब-चोकची जोडीच बदला," असं मी पूर्वी सरसकट सांगायचो. २३० व्होल्टवर, स्टार्टरवाल्या जुन्या तांब्याच्या चोकवर ४० वॅटची जाडी ट्यूब आणि ३६ची बारीक, दोघी साधारण ०.४३ अँपिअरच घेतात. तिथे चोक बदलायला लावणं म्हणजे तुमच्या खिशातून माझी झोप विकत घेणं. पण स्टार्टर नसलेल्या जुन्या पट्टीत हाच हिशोब चालत नाही, आणि स्टार्टर आहे की नाही हे फोनवर कुणी धड सांगत नाही. मग सरसकट सांगणं चूक की बरोबर? दिवसागणिक माझं मत बदलतं.

"पाऱ्यामुळे २०२७नंतर या ट्यूबा बनवणंच बंद होणार, कशाला डोकं लावता?" असंही ऐकवतात. बंद होऊ देत. भिंतीवरच्या पट्ट्या काही त्याच दिवशी उतरणार नाहीत. त्यांत एलईडी ट्यूब घालतानाही जुना चोक ठेवायचा की काढायचा हे बघावंच लागतं. काही चोकवरच चालतात, काहींना तो चालत नाही, आणि ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

तेव्हा फोटो पाठवायचाच तर ट्यूबचा नको. पट्टीचं झाकण काढायच्या आधी मेन बंद करा आणि चोकवरच्या लेबलचा पाठवा.