ओव्हरक्लॉक प्रकरण, भाग ३: ४.३ वर नेला आणि परत आणला

मागच्या वेळी म्हणलो होतो की सर्व्हरचा रायझन ३ ३१०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त, ४.३ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवतो, तर केला एकदाचा, १.३ व्होल्ट देऊन, आणि आठवड्याभरात परत स्टॉकवर (कंपनीच्या मूळ वेगावर) पण आणला.

आपला माइनक्राफ्ट जावा सर्व्हर, पेपर (सर्व्हरचं जास्त वेगवान सॉफ्टवेअर) टाकलेला, आठ-दहा जण आले की एका टिकला (गेमचं जग एक पाऊल पुढे सरकतं तो ठोका) ५५ मिलीसेकंद खायचा. सेकंदाला २० टिक, म्हणजे एका टिकच्या वाट्याला ५० येतात, त्याच्या वर गेलं की टीपीएस (सेकंदाला होणारे टिक) पडतो आणि फोडलेला ब्लॉक परत उगवतो. गेमचं मुख्य काम जवळजवळ सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, बाकीचे कोअर नुसते बघे, त्यामुळे वाटलं क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वाढवला की झालं. हिशोब पण बसत होता, ३.९ चे ४.३ म्हणजे १० टक्के, ५५ चे ५० होणार. झाले ५२. कारण रॅमची वाट बघण्यात जातो तो वेळ क्लॉक वाढवून काही वाचत नाही.

आणि रॅमवरून आठवलं म्हणून बायोसमध्ये बघतो तर एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) बंद! ३२०० ची रॅम २१३३ वर चाललीय, किती महिने देव जाणे. ते चालू केल्यावर ४६. रायझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला रस्ता) पण रॅमच्याच तालावर चालतं ना, आणि ३१०० चे चार कोअर दोन-दोनच्या दोन गटात असतात, त्यांचं आपसातलं बोलणं पण तिथूनच.

मी खुश. तिसऱ्या रात्री जेव्हीएम (ज्यावर जावा सर्व्हर चालतो ते) धाडकन बंद. स्ट्रेस टेस्ट तासभर पास झाली होती हो, पण तासभर वेगळं आणि दिवसरात्र वेगळं. सर्व्हर परत उठवला तर एकाचं अर्धं गोदाम गायब, भिंत सरळ कापल्यासारखी आणि पलीकडे ताजं गवत, त्यावर एक मेंढी. चंक (जगाचा तो चौकोनी तुकडा) करप्ट होऊन नव्याने तयार झालेला. बॅकअप होता म्हणून वाचलो, नाहीतर शिव्या खाल्ल्या असत्या. खेळायच्या पीसीवर क्रॅश झालं तर रिस्टार्ट मारतो आपण, इथे दुसऱ्यांचा माल असतो.

मग क्लॉक स्टॉक, एक्सएमपी चालू ठेवलं, मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर लावला, एकही एरर नाही. टिक ४९. म्हणजे एवढा व्होल्टेज, एवढा पंख्याचा आवाज, कशासाठी तर ३ मिलीसेकंद. (ए३२० मदरबोर्डवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याकडे क्लॉक वाढवायचा मल्टिप्लायर उघडतच नाही ते बरंय.)

खरा चोर स्पार्क प्रोफायलरने (टिकचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं प्लगइन) दाखवला, हॉपर, म्हणजे वर पडलेल्या वस्तू ओढून घेणारा ब्लॉक. उघडा हॉपर वर काही पडलंय का ते सारखं शोधत बसतो, डोक्यावर कंपोस्टर (खत करायचा ब्लॉक) ठेवला की शोधणं बंद. एक संध्याकाळ नुसते कंपोस्टर लावत फिरलो, सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकपर्यंत गेम चालू ठेवायचा) १० वरून ६ केला, टिक ३१.

आता यादीत सगळ्यात वर व्हिलेजर (गेममधले गावकरी) आहेत, एका खोलीत नव्वद, आणि त्यांचा मालक ऐकायला तयार नाही.