पडदा काळा पडला की फोन आम्हाला येतो

लातूरला गंजगोलाईजवळ गाळा घेऊन २००९ साली आम्ही प्रोजेक्टर भाड्याने द्यायला लागलो. दोन प्रोजेक्टर, एक पडदा, व्हीजीए केबलची (चित्र नेणारी जुनी ॲनालॉग केबल) भेंडोळी आणि एक स्टॅबिलायझर, एवढंच भांडवल. लग्नं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, सप्त्यातली कीर्तनं असं जिथं बोलावतील तिथं जायचं. भाड्याचं काम आता जवळपास बंद आहे. आज आम्ही एकापेक्षा जास्त पडद्यांची कामं बसवतो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी बसवलेली, अधूनमधून बंद पडणारी कामं मार्गी लावण्यात जातो. दुकान चालतं ते मुख्यतः या दुसऱ्या कामावर, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

व्हीजीएच्या काळात बिघाड लपत नसे. केबल लांबली की अक्षरांना सावली यायची, रंग फिके पडायचे, पण चित्र दिसत राहायचं आणि वऱ्हाडी मंडळींचं त्यावर भागायचं. एचडीएमआय ही डिजिटल केबल आली आणि ही सवलत गेली. डिजिटल सिग्नल मर्यादेच्या आत असला तर चित्र स्वच्छ असतं. मर्यादेच्या काठावर पडद्यावर बारीक पांढरे ठिपके चमकू लागतात, आणि केबल आणखी थोडी वाढवली की सगळं काळं. ते ठिपके दिसले की आमची पोरं हातातलं काम थांबवतात. ‘थोडं चमकतंय, पण चालतंय’ असं म्हणून हॉलची चावी देणारे लोकही आम्ही पाहिलेत. ते काम पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे येतं.

धंद्याला खरं वळण दिलं ते इथल्या ट्यूशन एरियानं. लातुरात नीट आणि जेईईच्या एकेका बॅचला इतकी मुलं असतात की एका हॉलमध्ये मावत नाहीत. सर एका हॉलमध्ये शिकवतात, बाकीच्या हॉलमध्ये तेच पडद्यावर दिसतं. सुरुवातीला सगळे एकच उपाय करायचे : लॅपटॉपला स्प्लिटर, म्हणजे एका चित्राचे चार फाटे करणारा डबा, आणि स्प्लिटरमधून चार केबल. मग तक्रार यायची की नवा प्रोजेक्टर घेतला तरी अक्षरं फुटायलीत.

याचं कारण ईडीआयडी. प्रत्येक प्रोजेक्टर किंवा टीव्ही लॅपटॉपला आधी सांगतो की मी एवढ्या पिक्सेलचं चित्र दाखवू शकतो. ही माहितीची चिठ्ठी मुळात फक्त १२८ बाइटची असते. स्प्लिटरपुढं चार पडदे असले की कुणाची चिठ्ठी वर पाठवायची हा प्रश्न येतो. काही स्प्लिटर पहिल्या पोर्टची पाठवतात, काही सगळ्यांत कमी असेल ती. मागच्या हॉलमध्ये कुणीतरी जुना १०२४ बाय ७६८ चा प्रोजेक्टर टांगलेला असतो, आणि त्याच्यापायी सगळ्या हॉलमधलं चित्र तेवढंच होतं. लोक नवा प्रोजेक्टर परत करायला निघतात. खरं तर स्प्लिटरच्या आधी १०८० ची ईडीआयडी पक्की करून दिली आणि जुन्या प्रोजेक्टरपुढं एक स्केलर, म्हणजे चित्र त्याच्या मापाचं करणारा डबा, लावला की काम संपतं. एचडीसीपीचा, म्हणजे चित्रणाच्या कॉपी-संरक्षणाचा, घोळ वेगळाच. सरांच्या स्लाइड व्यवस्थित दिसतात, पण एखादं ओटीटीवरचं चित्रण लावलं की पडदे काळे, कारण साखळीतला एक जरी डबा ती कॉपी-संरक्षणाची खूणगाठ ओळखत नसला तरी पुढं काही जात नाही. यात बिघाड काहीच नसतो. ते चित्रण त्या साखळीतून दाखवता येणार नाही, एवढं गिऱ्हाइकाला सांगायचं.

केबलबद्दल मी जरा कडक बोलतो, लोकांना राग येतो. तांब्याची साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढं भरवशाची नाही. त्यापुढं एचडीबेसटी वापरतो. यात दोन टोकांना दोन डबे लावून एचडीएमआयचं चित्र नेटवर्कच्या केबलवरून नेतात, आणि चांगल्या कॅट-सिक्स (नेटवर्कच्या) केबलवरून ते १०० मीटरपर्यंत जातं. पण बाजारात कॅट-सिक्सच्या नावाखाली जी स्वस्त पेटी मिळते, तिच्यात बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ओळखायला फार काही लागत नाही. एक तार सोलायची आणि ब्लेडनं हलकी खरवडायची. आतूनही लाल दिसली तर तांबं, पांढरी चमकली तर पेटी परत. उचलतानाही कळतं, ॲल्युमिनियमची पेटी हाताला हलकी लागते. असल्या केबलवर इंटरनेट चालतं, म्हणून बसवणारा छातीठोकपणे सांगतो की केबल ओके आहे. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे एचडीबेसटीची लाइन कुणीतरी नेटवर्क स्विचमध्ये (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यात) खोचतो. जॅक तोच, केबल तीच, पण ते इथरनेट नव्हे. एका टोकाचा डबा थेट दुसऱ्या टोकाच्या डब्यालाच जोडावा लागतो, मध्ये स्विच चालत नाही.

हॉल वाढले तसं आम्ही नेटवर्कवरून चित्र पाठवायला लागलो. २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ नेटवर्किंग शिकलो, त्याचा उपयोग इथं झाला. या प्रकारात लॅपटॉपजवळ चित्र नेटवर्कवर सोडणारा एक एन्कोडर, प्रत्येक हॉलमध्ये ते परत पडद्यावर आणणारा एक डिकोडर आणि मध्ये स्विच. एन्कोडर चित्र एकदाच पाठवतो, ज्याला हवं तो डिकोडर मागून घेतो, याला मल्टिकास्ट म्हणतात. साधा स्वस्त स्विच असला तर तो हे चित्र गावभर दवंडी पिटल्यासारखं प्रत्येक पोर्टवर सोडतो. मग त्याच स्विचवरचे सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन, ऑफिसचं वाय-फाय, सगळं रांगायला लागतं. म्हणून आयजीएमपी स्नूपिंग ही सोय असलेला स्विच लागतो. कोणत्या पोर्टनं चित्र मागितलं हे तो लक्षात ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टला देतो.

याच स्नूपिंगचा एक किस्सा सांगतो, कारण हा बिघाड आम्हाला वारंवार भेटतो. शेजारच्या जिल्ह्यात एका क्लासचं काम दुसऱ्यांनी बसवलेलं होतं. सकाळी चालू केलं की सगळ्या हॉलमध्ये झकास चित्र, आणि थोड्या वेळानं सगळीकडे एकदम काळोख. बंद करून चालू केलं की परत ठीक. एन्कोडर गरम होतो असा निष्कर्ष काढून आधीच्या कंत्राटदारानं तो बदलून दिला होता आणि नव्यावर एक टेबल फॅन सोडला होता. आम्ही पोचलो तेव्हाही तो फॅन फिरत होता. भावानं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. चित्र साडेचार मिनिटांच्या आतच गेलं, आणि परत लावल्यावर नेमकं तेवढ्याच वेळानं गेलं. तापल्यामुळं बंद पडणारी वस्तू असं घड्याळ लावून बंद पडत नाही. दरवेळी तोच वेळ लागतोय म्हणजे कुठंतरी टायमर संपतोय.

झालं असं होतं की स्विचमध्ये स्नूपिंग चालू होतं, पण क्वेरियर, म्हणजे विचारणारा, कुणीच नव्हता. नियम असा की नेटवर्कवर एका उपकरणानं ठरावीक वेळानं, साधारणपणे दर १२५ सेकंदांनी, विचारत राहायचं की चित्र अजून कुणाला हवंय. डिकोडर ‘मला हवंय’ म्हणतात आणि स्विचची नोंद ताजी राहते. विचारणाराच नसला तर डिकोडर गप्प बसतात, आणि २६० सेकंदांनी स्विच ती नोंद पुसून टाकतो. एका स्विचच्या सेटिंगमध्ये क्वेरियर चालू केला आणि काम झालं. टेबल फॅन सरांनी केबिनमध्ये नेला. पैसे देताना मालक म्हणाले, ‘‘एवढ्याशा कामाचे एवढे?’’ हे वाक्य ऐकायची आम्हाला आता सवय आहे.

नेटवर्कचे बाकीचे बिघाड इतके रंगतदार नसतात. स्विचवरचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकत असले तर कुणीतरी एकाच पॅच कॉर्डची (छोट्या नेटवर्क केबलची) दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घातलेली असतात. डिकोडरचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) १६९.२५४ नं सुरू होत असला तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही असं समजायचं. आणि कंपनीतून एकच ठरावीक पत्ता घेऊन आलेली दोन उपकरणं एका लाइनवर आली की दोन्ही आळीपाळीनं गायब होतात. आम्ही पडद्यांसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळा कप्पा, करतो आणि प्रत्येक डब्यावर पत्ता लिहिलेली पट्टी चिकटवतो.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाच्या वर्षात आम्ही पहिल्यांदा सलग रुंद पडद्याचं काम घेतलं, एका कॉलेजच्या प्रदर्शनासाठी. तीन प्रोजेक्टर, प्रत्येकाचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, आणि शेजारच्या दोघांत २० टक्के म्हणजे ३८४ पिक्सेलचा पट्टा एकावर एक. तीनदा १९२० मधून दोन पट्टे वजा केले की सलग चित्र ४९९२ पिक्सेलचं उरतं. पट्ट्यात दोन प्रोजेक्टरचा उजेड पडतो म्हणून तिथं दोन्हीकडचा उजेड हळूहळू उतरवावा लागतो. हे सगळं शिकण्यासारखं आणि आनंदाचं काम. रोजचा त्रास मात्र लाइट जाण्याचा. लाइट आली की कॉम्प्युटर प्रोजेक्टरच्या आधी जागा व्हायचा, त्याला पडदेच सापडायचे नाहीत, आणि मग तो आपल्या मनानं क्रम लावायचा. १७ सप्टेंबर १९४८ चा प्रसंग मध्यभागी असायला हवा, तो डाव्या टोकाला जाऊन बसायचा. ग्राफिक्स कार्डच्या प्रत्येक आउटपुटला ईडीआयडी धरून ठेवणारी छोटी डबी लावली, आणि प्रोजेक्टर आधी, कॉम्प्युटर नंतर असा टायमर बसवला.

सांध्यावर चित्र तुटतंय का हे बघायला पडद्यावरून एक उभी पांढरी पट्टी डावीकडून उजवीकडे पळवायची. सांधा ओलांडताना पट्टी वाकडी झाली तर दोन आउटपुट एका वेळी चित्र बदलत नाहीयेत. दर सतराएक सेकंदांनी एक बारीक हिसका बसत असला तर एक आउटपुट ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) आणि दुसरा ५९.९४ वर आहे असं खुशाल समजावं.

ज्याला लोक सिग्नलचा बिघाड म्हणतात, त्यातला बराचसा विजेचा असतो, आणि आमच्या भागात तर जास्तच. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरती राहते. दोन इमारतींत दोन वेगळी मीटरं असली आणि मध्ये तांब्याची केबल ओढलेली असली, तर त्या केबलमधून नको तो प्रवाह फिरतो. जॅकच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात. पोर्ट जळतात आणि पुरवठादार म्हणतो की वॉरंटीत बसत नाही. त्यात मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली की आमचे फोन वाजायला लागतात. म्हणून दोन इमारतींमध्ये आम्ही फक्त फायबर टाकतो, त्यातून वीज नव्हे, उजेड जातो. बाजारातल्या काही ऑप्टिकल एचडीएमआय केबलमध्ये फायबरच्या जोडीला तांब्याच्या बारीक तारा असतात, तेवढं बघून घ्यायचं. शिवाय ती केबल एकाच दिशेनं चालते. उलटी ओढली की भिंतीतून परत काढण्याची हौस फिटते. नव्या जागी आमच्या पिशवीतून पहिल्यांदा मल्टिमीटरच निघतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी वायरमनला बोलावतो.

अर्धी कामं आता फोनवरच होतात. हॉलमधल्या शिपाई मामांशी बोलणं साधारण असं असतं :

‘‘मामा, पडदा निळा हाय का काळा?’’

‘‘निळा हाय की. कोपऱ्यात इंग्लिशमधी कायतरी लिवलंय.’’

‘‘बरं. अन् मशीनचा लाल दिवा लुकलुकायलाय का?’’

‘‘नाही, हिरवा हाय.’’

म्हणजे प्रोजेक्टर जिवंत आहे आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. बिघाड मागं, केबलमध्ये किंवा डब्यात. लाल दिवा लुकलुकत असता तर फिल्टर धुळीनं बुजलाय का ते विचारलं असतं. लातुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बरेच प्रोजेक्टर तेवढ्याच तापमानापर्यंत चालायला बनवलेले असतात. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘काल कुणी आलं होतं का?’’ आधी उत्तर येतं, ‘‘नाही, कोनीच नाही.’’ जरा वेळानं आठवतं की नेटवाला पोरगा येऊन राउटर बदलून गेला.

दरपत्रकात आता आम्ही केबल, स्विच आणि अर्थिंगची तपासणी यांची वेगळी ओळ लिहितो. ती ओळ खोडून मागितली तर काम घेत नाही. प्रोजेक्टरच्या ल्युमेनवर (उजेडाच्या मापावर) घासाघीस करणारे पुष्कळ असतात, आणि या ओळीपायी काही गिऱ्हाइकं गेलीही. राहिली त्यांच्याकडे वर्षाच्या देखभालीचं काम आहे.

नीटची परीक्षा मे महिन्यात होते आणि नवीन बॅच भरेपर्यंत हॉल थोडे दिवस मोकळे असतात. छताला हात लावायला तेवढीच सवड मिळते. त्यामुळं ज्यांना यंदा केबल बदलायच्या आहेत त्यांनी एप्रिलमध्येच जागा दाखवून ठेवावी, जूनमध्ये आमच्याकडे शिडीसुद्धा मोकळी नसते.